होडीतला ठिय्या

बंदुका दुरुस्त करणारा सिक्स्टन कधी नाही म्हणत नसे. तो फक्त 'पुढच्या आठवड्यात' म्हणे. माझ्या बाबांच्या रायफलीचं भिजत घोंगडं त्याने पंधरा महिने ठेवलं होतं. लाकडी दस्त्याला केसाएवढी चीर, एवढंच काम. दरम्यान बाबांनी रायफल माझ्या नावावर केली, परवानाही आला. कागद माझ्या कपाटात आणि रायफल त्याच्या तळघरात, असा प्रकार.

सोमवारपासून मूस हरणांची शिकार सुरू होणार होती. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे.

"तूरबोर्ग, यंदा माझ्या ठिय्यावर बसून ती तुझ्या हातात देणार," ते म्हणाले होते. "पुढच्या वर्षाचं मला विचारू नकोस."

दुसरी रायफल कुणीही दिली असती. पण त्यांना हीच द्यायची होती, आणि खरं सांगते, मलाही हीच हवी होती.

आमच्या शिकारी टोळीतल्या पाच जणांच्या बंदुका त्याच तळघरात अडकल्या होत्या. दार वाजवलं की बायको सांगे, "ते घरात नाहीत," आणि हा गडी मागच्या वाटेने हातावर तुरी देऊन पसार. शनिवारी सकाळी टोळीचा म्होरक्या बिर्गर वैतागला. "अरे, मूससुद्धा असाच पळतो. त्याला आपण दार वाजवून धरतो काय?"

मग काय! सिक्स्टनच्या घराच्या सगळ्या वाटा हेरल्या. मागचं दार, गॅरेज, लाकडांची खोप, रस्ता. प्रत्येकाला एकेक ठिय्या. नियम शिकारीचाच: म्होरक्याच्या हाकेशिवाय जागा सोडायची नाही आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. हाकारा, म्हणजे दार वाजवून त्याला उठवायचं काम, माझ्याकडे. बाबांना बिर्गरने फाटकाजवळच्या बाकावर बसायला सांगितलं.

"उन्हात ठेवायला मी काय वाळवण आहे?" बाबा म्हणाले.

"हालवारकाका, तिथून सगळं दिसतं."

"दिसतं, पण तिकडे येतं कोण?" त्यांनी थर्मास उचलला आणि काठी टेकत घरामागे उताराला लागले. मला राग आला. म्हाताऱ्याने घोळ घातला असं वाटलं.

मी पुढचं दार ठोठावलं. बायकोने ठरलेलं उत्तर दिलं. गॅरेजपाशी बिर्गर दिसताच सिक्स्टन परत फिरला, खोपेकडे वळला, तिथेही माणूस. शेवटी तो घरामागच्या तळ्याकडे धावला. तिथे त्याची होडी बांधलेली असते.

मी मागोमाग पोचले. होडीत बाबा बसले होते, दोन्ही वल्ही मांडीवर आडवी.

"बस, सिक्स्टन. कॉफी गरम आहे," ते म्हणाले. "घेरलेला म्हातारा मूस पाण्याकडेच येतो."

सिक्स्टन काठावर मटकन बसला. "काका, नवा दस्ता कापताना बिघडला माझ्याकडून. पहिल्याच महिन्यात. सांगायला लाज वाटली."

"लाज तुझी, गड्या. रायफल आमची. आहे तशी दे."

"जुना दस्ता अजून तडकलेलाच आहे."

"मी पण तडकलेलाच आहे. चालतोय ना?"

तासाभरात पाचही बंदुका अंगणात आल्या. मूस पडला की आम्ही शिकाऱ्याच्या टोपीत देवदाराची डहाळी खोचतो. बिर्गरने डहाळी तोडली आणि जराही न हसता बाबांच्या टोपीत खोचली. मी मात्र हसत होते, रडत होते, आणि असा बाप अख्ख्या तालुक्यात कुणाला नाही म्हणून माझी मान ताठ झाली होती.

सरस लावून रात्रभर आवळून ठेवलेला दस्ता रविवारी पक्का झाला. निशाण्यावर तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही मुठीएवढ्या जागेत लागल्या.

सोमवारी उजाडताना आम्ही ठिय्यावर पोचलो. बाबांच्या टोपीतली डहाळी सुकत आली होती, तरी त्यांनी ती काढली नव्हती. बाबांनी रायफल एकदा गालाला लावली, खाली घेतली आणि माझ्या हातात दिली. मग आपलं स्टूल उचलून माझ्या मागे ठेवलं आणि त्यावर बसले. बावन्न वर्षांत त्या ठिय्यावर त्यांच्या पुढे कुणी बसलं नव्हतं.