पडवीवरची खानावळ

ज्या बाईनं भर सभागृहात आपली ओटी भरली, तिच्याकडे आपल्याच लिखाणाची प्रत कशी मागायची? दमयंतीला लाज वाटली आणि तिनं ती मागितली नाही. सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

'पडवी' हे मराठी कथांचं ॲप होतं आणि ते स्वतःला 'लेखकांचं माहेर' म्हणवून घ्यायचं. दादरला लेखिकांचा मेळावा झाला, तेव्हा ॲपची संपादक प्राची हिनं एकेकीची खणानारळानं ओटी भरली. "माहेरवाशिणींनो, आता दुसऱ्या दारी जायचं नाही हं," असं हसत हसत बजावलंसुद्धा. दमयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. वडाळ्याला दोन खोल्यांचा संसार, विमा कंपनीत टेबलामागची नोकरी, आणि लिहिणारी बाई म्हणून चारचौघांत कोणी हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा. खणानारळ देणारीवर संशय घ्यायचा, हे आपल्या बायकांना कोणी शिकवलेलंच नसतं. हीच तर मेख आहे, आणि त्या ॲपवाल्यांना ती बरोब्बर ठाऊक होती.

ती लिहीत होती आईची गोष्ट, 'खानावळ'. तिची आई, शेवंती, लालबागच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. थकल्यावर लेकीकडे राहायला आली. संध्याकाळी लसूण सोलता सोलता ती मालवणीत बोलायला लागायची आणि शेजारी बसून दमयंती एकेक शब्द मोबाइलवर, थेट पडवीतच टाइप करायची. मध्येच ती थांबली तर म्हातारी म्हणायची, "लिव गो, माका कसली लाज?" तिखट बोलायची, शिव्याही घालायची. वाचक अक्षरशः तुटून पडायचे. दर भागाखाली अभिप्रायांची रांग लागायची.

पडवीवरून मजकूर कॉपी होत नसे, स्क्रीनशॉटही निघत नसे. चोरी होऊ नये म्हणून, असं प्राचीनं सांगितलं होतं. आपली प्रत हवी असेल तर तिच्याकडे मागायची.

"मागून घे की," दमयंतीचा नवरा निमेश म्हणायचा. "उद्या शटर ओढलं त्यांनी, तर बसशील बोंबलत."

"माहेरी ठेवलेल्या डब्याची कोणी पावती मागतं का रे?"

"तुझं माहेर लालबागला. हे ॲप आहे."

पण ऐकेल ती दमयंती कसली. दादरच्या एका दिवाळी अंकानं खानावळीचे दोन भाग मागितले, तर ही म्हणाली, आमचं सगळं पडवीवरच. वाचकांनी ईमेल मागितला, तर हिचं ठरलेलं उत्तर होतं, इथेच भेटू. सगळी अंडी एका टोपलीत घातली आणि टोपलीही दुसऱ्याची.

फेब्रुवारीत आई गेली. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी आईचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून दमयंतीनं पडवी उघडली. आत सगळं भलतंच. मिनिटा-मिनिटाचे व्हिडिओ, कोणी कोणाच्या थोबाडीत मारतंय, कोणी रडतंय. एकही मराठी कथा नाही, खानावळ नाही. कोपऱ्यात इंग्रजीत दोन ओळी होत्या: कंपनी विकली गेली आहे, जुना मजकूर कायमचा काढून टाकला आहे. तिनं कंपनीला पाठवलेले ईमेल पोचलेच नाहीत. निदान वाचकांना विचारावं, कोणाला काही आठवतंय का, तर विचारायचं कोणाला? तिला ठाऊक होती ती त्यांची पडवीवरची टोपणनावं.

ती तडक माटुंग्याला प्राचीच्या घरी गेली.

प्राचीनं पाणी दिलं, हात हातात घेतला. "ताई, मलाही धक्का बसला हो. माझी तर नोकरीच गेली."

"माझे भाग कुठून मिळतील एवढंच सांग. बाकी काही नको मला."

"नाही मिळणार. सर्व्हरच पुसला त्यांनी."

समोर टीपॉयवर छापील पानांचा गठ्ठा होता. वरचं शीर्षक तिनं वाचलं आणि ओळखलं. प्राचीची स्वतःची कादंबरी होती ती, पडवीवर रोज एक भाग यायचा.

"सगळं पुसलं, मग ही कशी वाचली?"

प्राचीनं पानं उगाच सारखी केली. "प्रकाशकाला द्यायची होती ना. आधीच काढून ठेवली होती."

"आधी म्हणजे कधी?"

"जानेवारीत."

"जानेवारीत तुला ठाऊक होतं?"

"ताई, कोणालाही सांगायचं नाही म्हणून सह्या घेतल्या होत्या आमच्याकडून. लेखक पळाले तर सौदा मोडेल म्हणून."

"नसतं सांगायचंस. नुसती माझी प्रत पाठवायचीस."

"तुम्ही विचारलं असतंत, आत्ताच का. मग दहा जणींना सांगितलं असतंत."

"हो, सांगितलं असतं," दमयंती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण अंगाचा भडका उडाला होता. "जानेवारीत माझी आई जिवंत होती, प्राची. लसूण सोलत बसलेली होती. मी पुन्हा विचारलं असतं तर तिनं पुन्हा सगळं सांगितलं असतं."

दमयंती पाणी न पिताच उठली.

घरी आल्यावर ती कोरे कागद घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिली. जेवढं आठवेल तेवढं आजच उतरवायचं, असं तिनं ठरवलं होतं. सगळ्यात आधी गिरण्यांच्या संपाचा भाग घ्यायचा. शेवटचा कामगार ट्रंक उचलून गावाला निघाला, आईनं त्याला दारातच थांबवलं, पानावर बसवलं आणि त्याच्याकडे बघून एक वाक्य बोलली. ते टाइप करताना दमयंती स्वतः रडली होती, आणि खाली शेकडो वाचकांनी आम्हीही रडलो म्हणून लिहिलं होतं.

तिनं लिहिलं: आई त्याला म्हणाली, उपाशीपोटी जाऊ नकोस.

मग तिनं ते वाचून पाहिलं. आई असं बोललीच नव्हती. असं तर विमा कंपनीतली दमयंती बोलते. आईनं काय म्हटलं होतं ते तिनं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. आईचं ओट्याला टेकून बोलणं आठवलं, हातातला लसूण आठवला, आपलं रडणंसुद्धा आठवलं. शब्द तेवढे आठवले नाहीत.