दोन कुकारे

शनिवारी शाळा साडेबाराला सुटते आणि एकच्या आत पोरी घरात असतात. महाबल मास्तरांनी पेजेचं पातेलं चुलीवरून उतरवलं, दोन ताटं पुसून मांडली, लोणच्याची बरणी काढून ठेवली आणि ते पडवीत येऊन बसले. मुलगा मुंबईला हॉटेलात, सून काजूच्या कारखान्यात, त्यामुळे नऊ वर्षांच्या नातीचं, शांभवीचं, शनिवारचं जेवण अज्जाच्या म्हणजे आजोबांच्या हातचं. शेजारची निरीक्षाही तिच्याबरोबर यायची. ती सात वर्षांची, आणि तिची आईही त्याच कारखान्यात.

सव्वा वाजला. पाऊस थांबला होता, पण आषाढातला पाऊस थांबतो तो दम खायला. खालच्या खोऱ्यातून वहाळाचा, त्या पावसाळी ओढ्याचा, आवाज येत होता. सकाळपेक्षा तो जाड झालाय असं मास्तरांना वाटलं.

दीड वाजला तेव्हा ते उठले. रिक्षा चिखलात रुतली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पोरं सांभाळली होती. उशिरा येणाऱ्या पोराची शंभर कारणं त्यांना पाठ होती, आणि त्यातली नव्याण्णव साधी असतात हेही ठाऊक होतं. तरी त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली आणि ते रस्त्याकडे उतरले.

रिक्षा पोरींना रस्त्यावर जलजाच्या दुकानापाशी सोडते. जलजा पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. तिनं मुळाक्षरं मास्तरांपाशीच गिरवली होती. आता पन्नाशी उलटली तरी त्यांची थट्टा करायची संधी ती सोडत नसे.

"काय मास्तर, भर दुपारी स्वारी खाली? सूनबाई तंबाखू लपवून गेली वाटतं."

"पोरी आल्या?"

"कधीच्याच. पाऊणला उतरल्या. चिक्की घेतली आणि गेल्या शेतातून खाली."

"खाली कुठं?"

"मी विचारलं की. म्हटलं, घर वर आणि तुमचं तोंड खाली कसं? तर तुमची नात म्हणते, आम्ही अज्जाच्या वाटेनं जाऊन येतो. मला वाटलं, तुम्हीच बोलावलंय. तुमचं काय सांगावं, परवा बेडकाची अंडी दाखवायला सगळ्यांना डबक्यात उतरवलं होतंत."

तिचं पुढचं बोलणं मास्तरांना ऐकू आलं नाही. छत्री दुकानाच्या बाकावरच राहिली आणि ते शेताच्या बांधावरून चालू लागले.

अज्जाची वाट हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. गेले पंधरा दिवस संध्याकाळ झाली की वीज जायची. मग वाडीतली पाच-सहा पोरं त्यांच्या पडवीत जमायची. निखाऱ्यात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या सोलता सोलता मास्तर आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे. तेव्हा सिमेंटचा पूल नव्हता. शाळा वहाळाच्या पलीकडे होती आणि जायला साकव होता: पोफळीच्या खोडांचे तीन सोट शेजारी शेजारी बांधलेले आणि धरायला एका बाजूला वेताची दोरी. बारा पोरं इरली पांघरून, पाटी दातात धरून त्यावरून पळायची. पलीकडच्या आंब्याला ढोली होती, त्यात महाबलच्या खेळायच्या काजूबिया लपवलेल्या असत. पार झाल्यावर तिथून एक लांब कुकारा घालायचा, कूऽऽ अशी हाक. टेकडीवर घरात त्याची आई, अब्बे, तो ऐकून मगच कामाला लागायची. एक लांब कुकारा म्हणजे पोचलो. दोन तुटक कुकारे म्हणजे आहेस तिथंच थांब, पाऊल टाकू नको.

पोरांना सगळ्यात आवडायची ती खेकड्यांची गोष्ट. एकदा पलीकडे पोचल्यावर महाबल खेकडे धरण्यात रमला आणि कुकारा घालायचाच विसरला. अब्बे दोसे करण्यासाठी तांदूळ वाटत होती. ती तशीच धावत आली, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले, अंबाडा सुटलेला. मास्तर हे करून दाखवायचे, दोन्ही हात पुढे धरून, डोळे वटारून. पोरं हसून लोळायची.

गुरुवारी शांभवीनं विचारलं होतं, "अज्जा, तुला भीती नाही वाटायची साकवावर?"

"छे. भीती कसली? आमच्या वेळची पोरं म्हणजे काय समजलीस."

हे वाक्य आता बांधावरून चालताना त्यांच्याबरोबर चालत होतं.

आणखी एक गोष्ट होती. दर वैशाखात दोन्ही काठांची माणसं जुने सोट काढून वहाळात फेकत आणि नवे घालत. पोफळ वरून लोखंडासारखी टणक राहते आणि आतून भुसा होते. एका पावसाळ्यापलीकडे तिच्यावर कुणी पाय देत नसे. हे इथल्या प्रत्येकाला इतकं ठाऊक होतं की कुणी कुणाला सांगत नसे. मास्तरांनीही सांगितलं नव्हतं. पूल झाल्यावरही पलीकडच्या बागवाल्यानं दोन-चार वर्षं साकव घातला, मग सोडून दिला. आता आहेत ते सोट चार पावसाळ्यांचे होते.

बांधाच्या चिखलात चपलांचे ठसे होते, एक मोठा जोड, एक लहान. मास्तर ते बघत चालत होते. एके ठिकाणी लहान ठसे घसरले होते आणि पुन्हा सावरले होते. पुढे ठसे पाण्यानं भरले होते. मास्तर पळू लागले. अडुसष्टाव्या वर्षी पळणं म्हणजे श्वास पुढे आणि पाय मागे. बांध संपला, केवड्याचं बन आलं, आणि वहाळाच्या आवाजाखाली बाकीचे सगळे आवाज बुडाले.

काठावर निरीक्षा उभी होती. एकटी. दोन्ही खांद्यांवर दोन दप्तरं होती, हातात चिक्कीचा कागद होता.

मास्तरांनी तिच्या मागे केवड्यात बघितलं.

"मी नाही गेले," निरीक्षा म्हणाली. "ती म्हणाली, तू दप्तरं सांभाळ. मी ढोलीत बघून येते." आणि तिनं पलीकडे बोट दाखवलं.

पलीकडच्या आंब्याखाली निळा फ्रॉक दिसला. झाडाभोवती वाकून वाकून काही शोधत होता.

मास्तर केवड्याच्या मुळीला धरून उभे राहिले. आहे. पोरगी आहे. मग त्यांची नजर साकवावर गेली. कडेचे दोन सोट वाकले होते. मधला, ज्याच्यावर पाय पडतो तो, त्यांच्या बाजूच्या टोकापासून चार हातांवर फुटला होता. चीर ताजी होती, आतला भुसा पिवळाजर्द दिसत होता आणि त्यातून पाणी उडत होतं. ती त्याच्यावरून गेली होती. तिच्या मागे तो मोडला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या काठावरून चीर दिसणारही नव्हती.

तेवढ्यात शांभवीनं मान वर केली. अज्जा दिसला तशी ती हसली. मास्तरांनी थांब म्हणून हात वर केला. तिनंही हात हलवला. त्यांनी दोन्ही हात हलवले, आणि ती साकवाकडे चालू लागली. बोलावताहेत असंच तिला वाटलं होतं.

"शांभवी! थांब!" मास्तर ओरडले. वहाळानं ते शब्द त्यांच्या तोंडापाशीच गिळले. त्यांनी हात तोंडाशी धरले, छाती भरली आणि कुकारा घालायला गेले. खोकला आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खोकला. दम त्या बांधावर कुठेतरी सांडला होता.

पलीकडे तिनं वेताची दोरी धरली. पायातल्या चपला काढून एका हातात घेतल्या. अनवाणी चालायचं, खाली बघायचं नाही, समोरच्या झाडाकडे बघायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. ती सगळं नीट करत होती.

मास्तर खाली बसले, निरीक्षाच्या उंचीला. त्यांचे गुडघे चिखलात रुतले. पोरगी त्यांचा चेहरा बघून रडायच्या बेतात होती. त्यांनी चेहरा बदलला. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गात रडक्या पोरांपुढे ठेवलेला चेहरा त्यांनी पुढे आणला.

"निरीक्षा, तुला कुकारा येतो?"

"नाही येत."

"येतो. हात असे धर. वाटीसारखे. शाबास. आता तोंड गोल कर आणि कू म्हण."

"कू," ती म्हणाली. मांजरीच्या पिलाएवढा आवाज.

"छान. सुंदर. फक्त तो घशातून आला, आता पोटातून आण." त्यांनी तिच्या पोटावर तळवा ठेवला. स्वतःचा हात थरथरतोय हे तिला कळू नये म्हणून त्यांनी तो जरा दाबून धरला. "इथून. इथं एक मोठी घंटा आहे असं समज. मी एक-दोन म्हटलं की ती दोनदा वाजव. तुटक. मध्ये श्वास."

ते पलीकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर चेहरा टिकला नसता.

"एक. दोन."

"कूऽ! कूऽ!"

एवढ्याशा अंगातून तो आवाज निघाला आणि पाण्याच्या वरून, बाण जावा तसा गेला. मास्तरांनी मान वळवली. शांभवीचा एक पाय सोटावर होता, दुसरा काठावर. ती थबकली. त्यांच्याकडे बघत राहिली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. "अगदी तसंच."

"कूऽ! कूऽ!"

शांभवीनं पाय मागे घेतला. मास्तरांनी तळवा जमिनीकडे करून बस म्हणून खुणावलं. ती आंब्याच्या मुळावर जाऊन बसली.

मागून धापा टाकत जलजा आली. दुकान उघडं टाकून ती छत्री घेऊन धावली होती. तिनं साकव बघितला, पोर बघितली, आणि तिची थट्टा कुठल्या कुठे गेली.

"मास्तर, तुम्ही इथंच उभे राहा. तुम्ही दिसेनासे झालात तर ती उठेल. मी वरून रिक्षा पकडते आणि पुलावरून पलीकडे जाते." बोलता बोलता ती निघालीही.

पुलावरून पलीकडच्या काठाने यायला अर्धा तास तरी हवा. मास्तर उभे राहिले. करण्यासारखं काही नव्हतं, नुसतं दिसत राहायचं होतं. पाऊस पुन्हा सुरू झाला. शांभवी मुळावर अंग चोरून बसली होती. मध्येच ती उठे आणि मास्तरांचं काळीज तिच्याबरोबर उठे. मग ती दुसऱ्या फांदीखाली जाऊन बसे. पाणी वीतभर चढलं. कडेचा एक सोट सुटला, पाण्यात आडवा झाला, आणि मोडलेला मधला घेऊन केवड्याच्या वळणापलीकडे गेला. फार आवाज झाला नाही. निरीक्षानं मास्तरांचा हात धरला.

पलीकडे शांभवी उभी राहिली होती, साकव होता तिथं बघत.

तेव्हा त्यांना अब्बे दिसली. इतकी वर्षं ते तिचं सोंग करून पोरांना हसवत आले होते, पिठाचे हात, वटारलेले डोळे. पण सोंग तिथंच थांबवायचे. नंतरचं कधी करून दाखवलं नव्हतं. पलीकडे खेकड्यांशी खेळणारा पोरगा दिसल्यावर ती ओरडली नव्हती, मारायलाही आली नव्हती. चिखलात मटकन बसली होती. महाबल साकवावरून परत आला, तिच्यासमोर उभा राहिला, तरी तिला उठता आलं नव्हतं.

अर्धा तास झाला असेल, जास्तही. जलजा येईना. पाऊस इतका दाट झाला की निळा फ्रॉक कधी दिसे, कधी नुसतं झाड दिसे. मास्तर झाडाकडेच बघत राहिले. निळं काही दिसेना. पुसटसं वाटलं, मग तेही गेलं.

आणि त्या पडद्यामागून एक कुकारा आला. एकच, लांबलचक, बाईमाणसाच्या भरदार गळ्याचा. पोचले.

मास्तर चिखलात बसले.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेली. पोरं जमली. शांभवीला आईनं रागावून, अंग पुसून, गोधडीत गुंडाळून बसवलं होतं. निखाऱ्यांवर आठळ्या तडतडत होत्या.

"अज्जा," शांभवी हळूच म्हणाली, "तिथं ढोली नाहीच आहे. मी सगळीकडून बघितलं."

"होती. साठ वर्षांत भरून आली असेल. झाडाची जखम भरते तशी."

तिनं गोधडी खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "खेकड्यांची गोष्ट सांग."

मास्तरांनी सांगितली. या वेळी हात पुढे धरले नाहीत, डोळे वटारले नाहीत. पोफळीचे सोट दर वर्षी का बदलायचे तेही त्यांनी आधी सांगितलं; चुलीजवळचं पोफळीचं जुनं खोड आणून, बोटानं टोकरून आतला भुसा प्रत्येकाच्या हातावर ठेवला. मग अब्बे धावत आली तिथंवर ते आले. पोरं सवयीनं हसायला लागली.

"मग ती चिखलात बसली," मास्तर म्हणाले. "तिला उठता येईना. मी हात दिला. तिचा हात असा हलत होता, आणि पीठ माझ्या सदऱ्याला लागलं."

कुणी हसलं नाही.

"आजच्या तुझ्यासारखी?" निरीक्षानं विचारलं. तिनं तो हात धरला होता, तिला माहीत होतं.

"हो. तशीच."

शांभवी गोधडीतून त्यांच्याकडे बघत होती. "आणि तू, अज्जा? तुला खरंच भीती नाही वाटायची? साकवावर?"

मास्तरांनी एक आठळी निखाऱ्यातून बाहेर ओढली. ती गार होईपर्यंत ते थांबले, सोलली, आणि तिच्या हातात दिली.

"रोज वाटायची," ते म्हणाले.