एक्केचाळिसावा शब्द

"मॅडम, ह्यात आमचं काम कुठं दिसंना," असं म्हणत बाळासोंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

कागदावर चाळीस व्यवसायांची स्पॅनिश नावं होती. डॉक्टर, परिचारिका, सुतार, न्हावी, पोस्टमन. ही यादी मी पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींसाठी केली होती आणि आळसाने तीच शिरूरजवळच्या या कारखान्यात आणली होती. समोर बारा कामगार बसले होते. कारखान्यातली लेथची एक लाइन मेक्सिकोला हलणार होती, ती तिथे उभी करून द्यायला दोघांना सहा महिन्यांसाठी पाठवणार होते. कंत्राटी माणसांनीही क्लासला बसावं, अशी नोटीस लागली होती. निवड झाली की कायम होणार, असं ती माणसं धरून चालली होती. तीस तासांत स्पॅनिश शिकवायला बोलावलं होतं मला, दौंडच्या रेल्वे गार्डच्या मुलीला.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"लेथ चालवतो. सीएनसी. सेटिंग बी मीच करतो. चौदा वरसं झाली."

"मग तुम्ही टर्नर. तोर्नेरो. पंधरावा शब्द बघा."

मागून रविराज बाळासोंकडे बघत म्हणाला, "मॅडम, आप्पा कागदावर हेल्पर हायेत." हा रविराज डिप्लोमा करून आलेला, चार वर्षं कंपनीच्या रोलवर कायम. त्याच्या बोलण्यात खोडी नव्हती, नुसती माहिती होती.

"इथे तो कागद चालत नाही," मी ठसक्यात म्हणाले. "स्पॅनिशमध्ये माणूस जे काम करतो तेच सांगतो."

मला असं ठसक्यात बोलायची सवय आहे. समोरचा ते खरं धरून चालतो, हे माझ्या उशिरा लक्षात येतं. बाळासोंनी पंधराव्या शब्दापुढे पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं.

ते इनामगावचे. मी दौंडहून ज्या बसने यायचे, तीच त्यांना न्हावऱ्यात घ्यायची. माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी ते मागच्या सीटवर बसायचे आणि तिथून कागद पुढे करायचे. पाठांतराची त्यांची स्वतःची पद्धत होती. प्रत्येक शब्दापुढे ओळखीचं माणूस हवं. न्हाव्यापुढे म्हस्कू, परिचारिकेपुढे उपकेंद्रातली ऋतिका सिस्टर, सुतारापुढे कुणी मारुतराव.

"मानूस डोळ्याम्होरं आला की शब्द आपसूक येतो," ते म्हणाले.

शेतकरी बाईच्या शब्दापुढे त्यांनी बायकोचं नाव घातलं होतं, सगुणा.

"काय म्हणाल्या त्या?"

"हसली. म्हनली, सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई, आन् मला शेतकरी कोन म्हनतंय. म्या म्हनलं, मॅडमनी सांगितलंय. जो करतो, त्येचं नाव."

तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

तीन आठवड्यांत त्यांचे चाळीसच्या चाळीस शब्द झाले. रविराजची गाडी बारावर अडली होती. परीक्षेला मेक्सिकोचा इंजिनिअर आला आणि त्याने एकेकाला विचारलं, तुम्ही काय काम करता? रविराज माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बाळासो उठले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "सोय तोर्नेरो. कातोर्से आन्योस." मी टर्नर आहे. चौदा वर्षं.

इंजिनिअर खूश होऊन त्यांना घेऊन मशीनपाशीच गेला. बाळासोंनी मान तिरकी करून टूलचा आवाज ऐकला, मशीन थांबवलं, काहीतरी इवलंसं फिरवलं आणि पुन्हा चालू केलं. निघालेल्या पार्टचं माप इंजिनिअरने दोनदा घेतलं आणि मान डोलावली. मी पैकीच्या पैकी मार्क दिले. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ते पहिल्यांदा माझ्या शेजारी बसले.

सोमवारी यादी लागली. रविराज आणि दुसरा एक, तोही रोलवरचा.

मी तडक एचआरच्या विक्रमसाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवला. पद, हेल्पर. रुजू होऊन सात महिने.

"ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो, मॅडम. जुन्याकडचा राजीनामा आणि नव्याकडचा अर्ज, एकाच दिवशी दोन सह्या. परदेशी पाठवायला तीन वर्षं सलग सेवा लागते."

"हे आधीच माहीत होतं, तर त्यांना क्लासला कशाला बसवलं?"

"बारा जण झाल्याशिवाय बॅच मंजूर होत नव्हती."

मला संताप आला. पण पुढची बॅचही मलाच मिळणार होती, तेव्हा मी तो गिळला आणि त्यांचा चहा पिऊन बाहेर आले.

बसमध्ये बाळासोंना सगळं सांगायला मी शब्द जुळवत होते. त्यांनीच माझी सुटका केली.

"म्हाईत हाय की, मॅडम. दर टायमाला सह्या मीच करतो. हात बसलाय."

"मग तरीही तुम्ही..."

"तुम्ही म्हनला व्हता ना, तिकडं काम करतो तेच सांगत्यात. म्हनलं, तिकडचा कागद येगळा असंल."

न्हावरा जवळ आलं तसे ते डबा सावरून उठले आणि जाता जाता विचारलं, "हेल्परला काय म्हनत्यात तिकडं?"

"आयुदान्ते," मी म्हणाले.

"हं." त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला आणि उतरले.

पुढचा महिनाभर त्यांच्याकडे एकच काम होतं, रविराजला सेटिंग शिकवायचं. त्यांनी हातचं काही राखलं नाही. मग मशीन सुटं झालं, ग्रीस लावून लाकडी खोक्यांत बसलं आणि ट्रेलरवर चढून गेलं. ती खोकी बाळासोंनीच ठोकली.

निघायच्या आदल्या दिवशी रविराज माझ्याकडे एक कागद घेऊन आला.

"आप्पांनी दिलाय. म्हनले, तिकडं कामाला यील."

चार घड्या, कडेला ऑइलचे डाग. माझीच यादी. प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार आणि पुढे माणूस. म्हस्कू, ऋतिका सिस्टर, मारुतराव, सगुणा. पंधराव्या शब्दापुढे, तोर्नेरोपुढे, खोडरबराने कागद पातळ झाला होता, आणि त्यावर चांगल्या अक्षरात रविराजचं नाव होतं.

"आन् ह्ये शेवटचं काय हाय, मॅडम? तुमच्या यादीत न्हवतं ह्ये."

चाळीसच्या खाली पट्टीने रेघ मारून नवा आकडा घातला होता. एक्केचाळीस, आयुदान्ते. त्यापुढे बाळासोंनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, फॉर्मवर लिहितात तसं.