धुतलेला गोठा

गिरगावातल्या त्या गल्लीत अच्युतरावांचा सागवानी गोठा म्हणजे एक प्रस्थच होतं. म्हशी कधीच्या गेल्या, वासही गेला. पण एकही खिळा न ठोकता नुसत्या खाचा-खुंट्यांवर उभा असलेला सांगाडा तेवढा राहिला. सरकारने त्याला वारसा ठरवलं आणि अच्युतरावांच्या गळ्यात लोढणं अडकवलं. खांब कुजोत, हात म्हणून लावायचा नाही! मुलगा अभिषेक म्हणायचा, बिल्डरला देऊन टाका. अच्युतराव ऐकून घ्यायचे आणि दुरुस्तीची परवानगी मागायला पुन्हा वारसा समितीच्या दारात जाऊन उभे राहायचे.

शेवटी दुरुस्तीची परवानगी मिळाली, तीही अटीवर. दिवाळीपर्यंत प्रत्येक लाकूड आपापल्या जागी बसलं पाहिजे, नाहीतर संरक्षण रद्द. गुणाजी सुताराने गोठा उतरवला, तुकड्यातुकड्यावर खडूने आकडा घातला आणि दसऱ्यासाठी गावी गेला.

खंडेनवमीला अवजारं धुऊन पुजतात. या घरात गोठ्याचे खांबही त्यातच धरायचे. अच्युतरावांच्या पत्नी लीलाबाईंनी सासूची रीत मोडली नाही. पदर खोचून एकेक लाकूड धुतलं, तेलाने पुसलं, हळदकुंकू वाहिलं. अच्युतराव तेव्हा समितीचे आभार मानायला गेले होते. आता हसावं की रडावं?

दसऱ्यानंतर गुणाजी आला आणि कपाळाला हात लावून बसला.

"शेट, माझे आकडे खंय गेले?"

फोटो होते, पण फोटोत सगळे खांब सारखेच काळे. आणि खाचा हाताने कोरलेल्या, एकीची खुंटी दुसरीत जात नाही.

"एकेक लावन बघूक व्हया," गुणाजी म्हणाला. "गुढीपाडवो उजाडतलो. करूया ना सुरुवात?"

लीलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, रागावलात?"

अच्युतरावांनी स्वतःलाच चाचपून पाहिलं. राग नव्हता, दुःखही नव्हतं. सुटलो, एवढंच वाटलं, आणि त्याची लाजसुद्धा वाटली नाही. इतकी वर्षं आपण गोठा जपत होतो की नुसत्याच खेपा घालत होतो, हे त्यांना आठवेना.

"राहू दे, गुणाजी," ते म्हणाले. "लीला, अभिषेकला फोन लाव. म्हणावं, बिल्डरशी बोल."

लीलाबाई फोनकडे गेल्या नाहीत. त्या धुतलेल्या लाकडांशेजारी खाली बसल्या आणि एक खुंटी उचलून समोरच्या खाचेत घालून बघू लागल्या. ती बसली नाही. त्यांनी दुसरी उचलली.