आतून चौऱ्याण्णव

चौकट म्हटलं की लोक आधी दार शोधतात, नाहीतर भिंतीवरचा फोटो. मला ना दार, ना फोटो. चार पट्ट्या, चार कोपरे आणि मध्ये मोकळी जागा, बस. मी मोजणीची चौकट बोलतेय. मला जमिनीवर ठेवतात आणि माझ्या आत किती रोपं आली ते मोजतात. पंचवीस वर्षांत मी एकदाही कामाला दांडी मारली नाही. त्यातली पहिली एकोणीस वर्षं काम चुकीचं केलं, ही गोष्ट वेगळी. तीच सांगायची आहे, आणि कुणाची भीडभाड न ठेवता सांगणार आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई तिथं आल्या. सुतार दाराच्या फळीवर रंधा मारत होता, कानावर पेन्सिल होती.

"एक मीटरची चौकट हवी," बाई म्हणाल्या. "चारी बाजू सारख्या. आणि हलकी करा, मला ती घेऊन चढ चढायचा असतो."

"लावायची कुठं?"

"लावायची नाही. गवतात ठेवायची."

सुतारानं रंधा थांबवला, बाईंकडे एकदा पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. गिऱ्हाईक शहाणं दिसलं की तो जास्त बोलत नसे. मोडलेल्या खिडकीचं लाकूड पडलं होतं, त्याच्या तीन-तीन सेंटीमीटर रुंद पट्ट्या काढून त्यानं मला दोन दिवसांत उभं केलं. वर पिवळा रंग दिला, गवतात हरवू नये म्हणून. चांगलं काम होतं. हातात घेतली तर कुठं डगडग नाही की कुसळ नाही.

गावाबाहेर एक माळ आहे. वर सगळा कातळ आणि कातळाच्या खळग्यांत वीतभर माती. त्या मातीत दूधतुरा उगवतो. बोटाएवढं रोप, त्याला पांढरा तुरा. ओल असते तेवढे सात आठवडे ते जमिनीवर असतं. फुलतं, बी टाकतं आणि उरलेलं वर्ष खाली कांद्यात झोपून काढतं. पूर्वी ते आणखी एका माळावर होतं. तिथं खडीची खाण झाली. आता जगात ते या एकाच माळावर आहे, असं बाई सांगायच्या, आणि बाई उगाच काही सांगत नसत.

त्यांनी माळावर चाळीस जागा ठरवल्या आणि कातळावर लाल रंगाच्या खुणा केल्या. दरवर्षी त्याच चाळीस जागी मला ठेवायचं आणि मोजायचं. नियम पक्का. वरच्या आणि डाव्या पट्टीला टेकलेलं रोप धरायचं, खालच्या आणि उजव्या पट्टीला टेकलेलं सोडायचं. बाई गुडघे टेकून, ओठ हलवत मोजत. मध्ये कुणी हाक मारली तरी उत्तर देत नसत. आकडा वहीत गेला की मगच, "हं, काय म्हणत होतास?"

घरी मात्र माझी किंमत शून्य. बाईंची धाकटी जाऊ मोठी फटकळ. "ताई, कुंडीतलं तण उपटायला तुम्हाला वेळ नाही आणि माळावरचं मोजत बसता," असं म्हणायची. एकदा तिनं मला गॅलरीत आडवं टांगून माझ्यावर घरभराचे पायमोजे वाळत घातले. वर सगळ्यांना सांगत सुटली, "मोजणीची चौकट ना? मग घातले मोजे." घर हसलं. मी काय बोलणार, माझ्या चारी बाजूंनी पाणी गळत होतं.

मग एका वर्षी ऐन मोजणीच्या दिवसांत बाईंचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्या खिडकीशी बसून नुसत्या माळाकडे बघायच्या. तीन दिवस जावेनं ते पाहिलं आणि चौथ्या दिवशी मला काखेत मारलं. "सांगा काय धरायचं आणि काय सोडायचं. पण एकदाच सांगा." दोन दिवस ती कुरकुरत मोजत होती. वहीत तिनं एक ओळ जादा लिहिली: 'अठराव्या जागी तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं. चौथ्यांदा आलं ते खरं धरलं आहे.' बाईंनी ते वाचून डोळे पुसले, हसून की रडून ते मला कळलं नाही. त्यानंतर माझ्यावर कुणी मोजे वाळत घातले नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी माळावर संकट आलं. एका कंपनीला तिथं गोदामं बांधायची होती. परवानगीसाठी जागेची पाहणी लागते. पाहणी करणारा माणूस आला भर उन्हाळ्यात. छत्रीखालून त्यानं चौफेर नजर फिरवली आणि रकान्यात लिहिलं, 'दुर्मिळ वनस्पती : निरंक'. हा कचेरीतला शब्द मोठा ऐटदार. मला दिसलं नाही, असं लिहायला माणसाला लाज वाटते. निरंक लिहिलं की जणू तिथं नसल्याचीच खात्री झाली.

बाईंनी हरकत घेतली. तिथल्या कायद्यात सोय होती. एखादी दुर्मिळ वनस्पती एकाच जागी सलग दहा वर्षं आहे असं सिद्ध झालं, तर ती जागा राखीव होते. तिथं मग ना खणता येत, ना बांधता येत. बाईंकडे एकोणीस वह्या होत्या. सुनावणीची तारीखही नेमकी फुलांच्या दिवसांत आली. बाई खुशीत होत्या.

सुनावणीला आठ दिवस असताना माझा एक कोपरा ढिला झाला. बाई मला घेऊन सुताराकडे गेल्या. त्यानं खिळा ठोकला, सवयीनं टेप लावली आणि समाधानानं म्हणाला, "एवढी वर्षं झाली, पण माप हललेलं नाही. बाहेरून बरोबर शंभर."

"बाहेरून?" बाईंनी विचारलं.

"मग? चौकट बाहेरूनच मापतात. भिंतीत बसायला नको?"

"ही कुठल्या भिंतीत बसायची होती?"

 सुतारानं टेप आत लावली. "चौऱ्याण्णव," तो हळूच म्हणाला.

बाई तिथंच भुशात बसल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणीस वह्यांच्या पहिल्या पानावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक चौरस मीटरची चौकट'. मी तेवढी कधीच नव्हते.

सुतारच आधी सावरला. "पट्ट्या बदलतो. आतून शंभर करून देतो, वर हाच पिवळा रंग मारतो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

"बाई, त्यांचा वकील तुम्हाला सोलून काढेल. सगळा माळ जाईल तुमच्या खरेपणापायी."

 माळ जाऊ शकतो हे बाईंना त्याच्याहून जास्त कळत होतं. त्या उठल्या, साडीवरचा भुसा झटकला. "जाईल तर जाईल. पण खोट्या चौकटीनं वाचवला, तर पुढच्या वर्षी मोजताना मी काय मोजतेय हे मला सांगता यायचं नाही. हिला हात लावू नका. आहे तश्शी द्या."

"मग मी येतो तिथं. चूक माझी आहे."

"तुम्ही तुमच्या धंद्याप्रमाणे केलंत. मी आतून की बाहेरून ते सांगितलं नाही, आणि एकोणीस वर्षांत एकदा टेप लावून पाहिली नाही. वर्गात मात्र दरवर्षी सांगते, आधी आपलं माप तपासा."

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला बाई, मागच्या बाकावर जाऊ आणि सुतार. मधल्या खुर्चीवर सुनावणी घेणारे अधिकारी, त्यांना सगळे साहेब म्हणत. बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "साहेब, ही चौकट आतून चौऱ्याण्णव सेंटीमीटर आहे. मी ती मीटरची समजत होते. माझे सगळे आकडे चुकीच्या मापाचे आहेत."

मागे जावेनं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला.

वकीलसाहेबांना तर आयतंच ताट वाढून मिळालं. "मग विषयच संपला. चुकीच्या मापाचा पुरावा हा पुरावाच नव्हे. वह्या बाद कराव्यात."

"माप चुकलं, पण दरवर्षी तेवढंच चुकलं," बाई म्हणाल्या. "लहान चौकटीत रोपं कमी येतात, जास्त नाही. मी वाढवून सांगितलेलं नाही. बरोबर मापाची चौकट आणा, माझी ही शेजारी ठेवा आणि तुमच्या डोळ्यांदेखत मोजा."

वकीलसाहेब लगेच तयार झाले. त्यांनी डायरी काढली आणि चार महिन्यांनंतरची तारीख सुचवली.

साहेबांनी बाईंना विचारलं, "चार महिन्यांनी ते रोप वर असेल?"

"नाही. अजून नऊ दिवस आहे."

"मग गुरुवारी," साहेब म्हणाले आणि त्यांनी आपली डायरी मिटली.

गुरुवारी सगळे माळावर आले. कचेरीनं लोखंडी चौकट आणली होती. आतून शंभर, नवी कोरी, जरा शिष्टच. प्रत्येक खुणेवर आधी ती, मग मी. बाईंनी मोजायचं नाही असं ठरलं होतं. एक मोजणी कचेरीच्या माणसानं करायची, एक वकीलसाहेबांनी. वकीलसाहेबांचे बूट चकाकत होते. पाय कुठं टाकावा ते त्यांना कळेना. जाऊ म्हणाली, "वकीलसाहेब, उभ्यानं नाही दिसायचं. टेका गुडघे." त्यांनी रुमाल अंथरला आणि टेकले.

पहिल्या जागेला लोखंडी चौकटीत पंचवीस आली, माझ्यात बावीस. वकीलसाहेबांना पटलं नाही, त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा बावीसच. दुपारपर्यंत तेही ओठ हलवत मोजू लागले होते आणि कुणी हाक मारली तर हातानं थांब म्हणत होते. तो माणूस मला आवडला नाही, पण मोजणी त्यानं चोख केली, हे सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजणी संपली, तेव्हा चाळीस जागा मिळून माझ्यात आठशे अकरा रोपं आली होती. क्षेत्रफळाच्या हिशोबानं लोखंडी चौकटीत नऊशे अठरा यायला हवी होती. आली नऊशे एकवीस. कचेरीच्या माणसानं दोनदा आकडेमोड करून पाहिली आणि म्हणाला, "वह्या खऱ्या आहेत साहेब. फक्त सगळ्या सारख्याच तोकड्या आहेत."

वकीलसाहेब कपडे झटकत उठले. हार मानायची सवय नव्हती. "म्हणजे बाईंनी सांगितल्यापेक्षा रोपं जास्तच आहेत. एवढी आहेत, तर ती दुर्मिळ कसली?"

"एका घरात दहा माणसं राहतात म्हणून ते घर पाडायला हरकत नाही, असं म्हणताय का?" बाईंनी विचारलं. "त्यांना दुसरं घर नाही."

निकाल महिन्याभरानं आला. वरचा अठरा एकर माळ राखीव झाला. उताराकडचे पाच एकर कंपनीला मिळाले. तिथं आमच्या सात जागा होत्या, पण त्यांत सलग दहा वर्षं रोप आलेलं नव्हतं. लोक बाईंना पेढ्यासारखं गोड तोंड करून भेटायला आले, जिंकलात म्हणाले. बाईंनी सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन त्या सात जागी जाऊन आल्या, मोजायचं काही नसताना. आता तिथं काँक्रीट आहे. मला अजूनही त्या सातांचं वाईट वाटतं आणि ते वाटलंच पाहिजे.

उरलेल्या तेहतीस जागांना निकालात एक अट आहे. दरवर्षी त्याच जागी, याच चौकटीनं मोजून आकडे कचेरीत द्यायचे. सलग दोन वर्षं आकडे आले नाहीत, तर राखीवपणाचा फेरविचार होईल. ही अट वकीलसाहेबांनी आग्रहानं घालून घेतली. माणसं कंटाळतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

म्हणून मला दुरुस्त करायचं नाही. सुतारानं मला नवा रंग दिला, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारल्या, पण आत एक केसभरही फरक केला नाही. मी बरोबर झाले, तर मागच्या वर्षांशी ताळा लागायचा नाही.

निकालाला सहा वर्षं झाली. एकदाही आकडे द्यायचे राहिलेले नाहीत. पण बाईंना डॉक्टरांनी चढ बंद केला आहे. त्या माळाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून मांडीवर वही घेऊन बसतात. जाऊ वर मला मांडते आणि आकडा ओरडून खाली सांगते. यंदा तिलाही चार ठिकाणी दम खायला थांबावं लागलं. परवा मला कोपऱ्यात ठेवताना ती बाईंना म्हणाली, "ताई, आपल्यानंतर हिला नेणार कोण?"  बाई वहीत तारीख घालत राहिल्या.

मग मीच विचारते, तुम्हाला. शास्त्र यायला नको, शिक्षण नको. वरची आणि डावी बाजू धरायची, खालची आणि उजवी सोडायची. वर्षातले दोन दिवस लागतात आणि गुडघे टेकावे लागतात.

माझं वजन दीड किलो आहे. कुणालाही झेपेल.