घंटेखालची शांतता

"पोरीचे कान एकदा दाखवून या," असं पाळणाघराच्या मावशींनी सांगितलं तेव्हा चिमी चौदा महिन्यांची होती. तिच्या आईने ते बोलणं अंगावर बसलेली माशी झटकावी तसं झटकून टाकलं.

मावशी काही भलतंसलतं बोलल्या नव्हत्या. पाळणाघरात धुतलेल्या ताटांचा ढीग कोसळला, सोळा मुलं दचकली, त्यातल्या पाचांनी भोकाड पसरलं, आणि चिमी मात्र ठोकळ्यावर ठोकळा चढवत तशीच बसून राहिली, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पण चिमीच्या आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती पदवी घेतलेली, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई. मावशी दहावीही न झालेल्या, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसणाऱ्या. त्यांनी हिला शिकवायचं? "आमची मुलगी एकाग्र आहे," असं ताठ मानेने सांगून ती लेकीला घेऊन निघून आली.

खरं तर ही आई बेफिकीर अजिबात नव्हती. उलट, मुलीच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून असायची. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते चिमीच्या तोंडात जात नसे. एका शिंकेला ती तीनदा ताप बघायची. "हिच्या धाकाने जंतूसुद्धा बेल वाजवून घरात येतात," असं तिचा नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात सगळे त्याच्या विनोदाला हसायचे आणि ती पुन्हा थर्मामीटर झटकायची. इतक्या जपणाऱ्या बाईला एवढी मोठी गोष्ट दिसू नये, याचं कारण त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं.

तिथे प्रार्थनागृह होतं. सासूबाई चाळीस वर्षं तिथे जात होत्या. आठवड्यातून एकदा सगळी वस्ती तिथल्या मोठ्या दालनात जमे. मधोमध माणसाएवढी घंटा टांगलेली होती, आणि प्रार्थना सुरू होण्याआधी तिच्यावर अकरा टोले पडत. असे टोले की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. मोठी माणसं कानांत बोटं घालत, तान्ही मुलं किंचाळून उठत. चिमी पाच महिन्यांची असताना पहिल्यांदा तिथे आली, आणि अकराच्या अकरा टोले आजीच्या मांडीवर झोपून राहिली.

उपदेश करायचे ते वृद्ध गृहस्थ, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. बोलता बोलता ते थांबले आणि चिमीकडे हात करून म्हणाले की हे मूल आतून शांत आहे, देवाने याला जगाच्या गोंगाटापासून दूर ठेवलंय.

झालं! त्या दिवसापासून सासूबाईंची जागा पाचव्या रांगेतून पहिल्या रांगेत आली. बायका आपली किरकिरी बाळं घेऊन येत आणि चिमीचा तळवा त्यांच्या कपाळाला लावून नेत. आणि चिमीची आई? तिलाही ते गोड लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दमलेल्या, रोज चार जणांकडून चार चुका ऐकणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं की तुझं मूल इतरांपेक्षा वरचढ आहे. असं कौतुक कोण तपासून घेतं?

तपासून घ्यावं असं तिथे आणखीही काही होतं. त्या घंटेवर टोले घालायचं काम मौनी नावाच्या बाईकडे होतं. तिशी ओलांडलेली, सडपातळ. चार वर्षांची असताना आईबापांनी तिला प्रार्थनागृहात आणून सोडलं होतं, आणि ती कधीच कुणाशी बोलत नसे. गेली बावीस वर्षं ती घंटेखाली उभी राहून टोले घालत होती. कानांत बोटं नाहीत, कापूस नाही, चेहऱ्यावर साधी आठी नाही. लोक म्हणायचे, केवढी ही साधना!

दोन वर्षं झाली तरी चिमीच्या तोंडून "आई" हा शब्द निघाला नाही. नवरा म्हणाला, मीही उशिराच बोललो होतो. सासूबाईंनी दुजोरा दिला. तात्या म्हणाले, ही बोलेल तेव्हा जग ऐकेल. आणि चिमी बाप घरी आला की दाराकडे धावायचीच ना? मग ऐकू कसं येत नसेल? त्याच्या जाड बुटांनी फरशी हादरते, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

चिमी अडीच वर्षांची झाली आणि एके दिवशी दुकानात एक म्हातारा ट्रकचालक आला. परवाना वाढवून घ्यायला त्याला दृष्टीचा दाखला हवा होता. त्याने अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत, अगदी शेवटची बारीक ओळही, धडाधड वाचून दाखवली. चिमीच्या आईला शंका आली. एवढा मोतीबिंदू असलेला माणूस शेवटची ओळ वाचतो? तिने काही न बोलता तक्ता बदलला. म्हाताऱ्याने आधीचीच अक्षरं पुन्हा म्हणून दाखवली.

दुकानाचे मालक पोट धरून हसले. म्हातारा ओशाळून म्हणाला, "ताई, तुमच्याकडे नंबर लावून बसलो ना, तेव्हा पुढच्या माणसाचं ऐकून पाठ केलं. दिसत नसलं की माणूस बाकीच्यावरून भागवतो. घरात बायकोलासुद्धा पत्ता नाही."

चिमीच्या आईच्या हातातली चष्म्याची फ्रेम काउंटरवर पडली. बाकीच्यावरून भागवतो. घरात पत्ता नाही.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती घरी आली. तिने चिमीला जाड गादीवर बसवलं, म्हणजे फरशीचा हादरा पोचायला नको. तोंड भिंतीकडे, समोर ठोकळे. पंखा बंद. मग ती ताट आणि डाव घेऊन मागे उभी राहिली. सासूबाई दारात येऊन विचारायला लागल्या, हे काय चाललंय. तिने हातानेच थांबा म्हटलं आणि डाव ताटावर मारला.

ठोकळ्यावर ठोकळा चढला.

तिने पुन्हा मारला. जोरात. अजून जोरात. शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या, खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला, ताटाला पोचा आला. चिमीने लाल ठोकळा उचलला, थोडा विचार केला आणि निळ्यावर ठेवला. मग दमलेल्या आईची सावली भिंतीवर पडली, तशी ती वळली आणि गोड हसली.

"ध्यानात आहे ती," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज त्यांनाच पटत नव्हता.

त्या संध्याकाळी चिमीची आई पाळणाघराच्या पायरीवर जाऊन बसली. मावशी आता "मी सांगितलं होतं" म्हणणार, याची तिने वाट पाहिली. मावशींनी आधी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि मग कानांच्या इस्पितळाचा पत्ता. त्या मायेनेच तिचा बांध फुटला. रागाने ती म्हणाली, की यापुढे देव नाही, धर्म नाही, त्या दालनाला कायमचं कुलूप लागलं पाहिजे. माणसाला मागे ओढण्यापलीकडे यांनी केलंय काय?

मावशी त्याच प्रार्थनागृहात शेवटच्या रांगेत बसत. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची दारू त्याच दालनातल्या माणसांनी सोडवली. रोज आठ जण पाळी लावून घरी येऊन बसायचे. त्याला मी धर्मच म्हणते. तुमच्या पोरीला ऐकू येत नसताना तिला संत ठरवणं, त्याला मी आळस म्हणते. प्रश्न विचारायचा आळस."

"मग तुम्ही तिथे उठून का नाही बोललात?"

मावशींनी पेला उचलून बाजूला ठेवला. "तुम्ही एकदा झटकलंत आणि मी मान खाली घातली. पोर तुमचं, मी कोण, असं म्हटलं. तोही आळसच. नाहीतर भित्रेपणा म्हणा."

इस्पितळात चिमीला झोपवून डोक्याला तारा लावल्या आणि दोन तासांनी निकाल आला. दोन्ही कानांना फार मोठा दोष, बहुधा जन्मापासूनच. तपासणाऱ्या तरुणीने समजावलं की भाषा शिकण्याची पहिली वर्षं सोन्यासारखी असतात. आता लगेच ऐकण्याची यंत्रं लावू, शस्त्रक्रियेचं पाहू, खुणांची भाषाही आजपासूनच सुरू करा. "वर्षभर आधी आला असतात तर..." असं म्हणून ती आईचा चेहरा पाहून थांबली. त्या अर्ध्या वाक्याने चिमीच्या आईची झोप उडाली. चौदा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंत! सोन्यासारखे सोळा महिने तिने कौतुकाच्या पाटावर बसून घालवले होते.

यंत्रं बसल्यावर सासूबाईंनी हट्ट धरला की तात्यांच्या कानावर घातल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. चिमीची आई तयार झाली. तिलाही तात्यांना भेटायचंच होतं.

दालन भरलं होतं. पहिल्या रांगेत चिमी, तिच्या कानांमागे दोन इवलीशी यंत्रं. मौनीने दांडा उचलला आणि पहिला टोला पडला.

चिमी किंचाळली! आयुष्यात पहिल्यांदा ती आवाजाला घाबरून रडली. आईच्या गळ्यात हात टाकून, अंग कापत, पाळणाघरातल्या त्या सोळा मुलांसारखी. आईने तिचे कान हातांनी झाकले आणि तिच्या केसांत तोंड खुपसून तीही रडायला लागली. असं सुंदर रडणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

दालनात कुजबूज सुरू झाली. बाकीचे टोले थांबवले गेले. तात्या जवळ आले, यंत्रांकडे पाहून त्यांनी हळहळून मान हलवली. "बाळ, हे काय केलंस? तिची शांतता मोडलीस."

"तात्या, तिला ऐकू येत नव्हतं."

"मला अंदाज होता," ते म्हणाले.

क्षणभर तिला वाटलं आपल्याच कानांत दोष आहे. "अंदाज होता? कधीपासून?"

पहिल्या दिवसापासून, असं त्यांनी त्याच मऊ आवाजात सांगितलं. काही जिवांना देव जगाच्या आवाजाविनाच पाठवतो, ती उणीव नसून देणगी असते, डॉक्टरांना ते कळत नाही, वगैरे वगैरे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस लबाड असता, तर एक वेळ सोपं गेलं असतं. त्याने कधी कुणाकडून काही घेतलं नव्हतं. त्याला फक्त आपलं म्हणणं खरं ठरायला हवं होतं, आणि त्यासाठी तो एका मुलीची वाचा द्यायला तयार होता.

"तुमच्या नातवाला कमी दिसतं असं वाटलं, तेव्हा तुम्ही त्याला आमच्या दुकानात घेऊन आला होतात," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिने तो चढू दिला. "मीच नंबर काढला त्याचा. तेव्हा का नाही म्हणालात, देवाने याला जग धूसर दाखवलंय, ही देणगी आहे? तुमच्या घरच्याला चष्मा आणि माझ्या पोरीला संतपद?"

तात्यांनी काही बोलायला तोंड उघडलं. पण चिमीच्या आईची नजर त्यांच्या पलीकडे गेली होती. एवढा गदारोळ, शंभर माणसांची कुजबूज, चिमीचं रडणं, आणि घंटेजवळ पाठमोरी उभी असलेली मौनी शांतपणे दांड्याची दोरी गुंडाळत होती.

"आणि हिचं काय, तात्या?" तिने विचारलं. "हिचाही अंदाज होता?"

उत्तर सासूबाईंनी शोधलं. त्या गुडघे धरत उठल्या, सावकाश चालत मौनीच्या मागे गेल्या आणि त्यांनी हाक मारली. "मौनी." मग मोठ्याने. मग चाळीस वर्षांत त्या दालनात जेवढ्या मोठ्याने कुणी बोललं नसेल, तेवढ्याने, "मौनी!"

दोरीचा वेढा पूर्ण झाला. मौनीने ती खुंटीला अडकवली, वळली, आणि सगळे आपल्याकडेच का पाहताहेत हे न कळून कावरीबावरी झाली.

"बावीस वर्षं," सासूबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं बहिऱ्या पोरीकडून घंटा वाजवून घेतली आपण. आणि वर म्हणत बसलो, केवढी साधना." त्यांनी मौनीचा हात धरला, दुसऱ्या हाताने सुनेला बोलावलं, आणि पहिली रांग सोडून त्या मावशींच्या शेजारी शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

तात्यांनी चूक कबूल केली नाही. काहींनी सुनेला उद्धट ठरवलं, काहींनी प्रार्थनागृह सोडलं. मावशी मात्र दुसऱ्याच दिवशी दालनामागच्या खोलीची किल्ली मागायला गेल्या, आणि त्या खोलीत आता आठवड्यातून दोनदा खुणांच्या भाषेचा वर्ग चालतो. चिमी तिथे सर्वांत लहान, मौनी सर्वांत मोठी. मौनीला जन्मात पहिल्यांदा "पाणी" मागता आलं तेव्हा तिने ती खूण दिवसभर केली आणि अकरा पेले पाणी प्यायली. चिमी अजून "आई" म्हणत नाही. नुसतं "आ" म्हणते. तेही आईला पुरतं, आणि पुरतही नाही. गेलेले सोळा महिने कुणी परत आणून देत नाही.

वाचकहो, श्रद्धा माणसाला पुढे नेते की मागे खेचते, हा वाद खुशाल घाला. चिमीच्या आईला एवढंच कळलंय: जी श्रद्धा रोज आठ माणसं दारुड्याच्या घरी पाठवते, ती पुढे नेते. जी समोरच्या दुखण्याला मोठं नाव देऊन गप्प बसवते, ती खड्ड्यात नेते. आणि तिथवर ती एकटी नेत नाही. आपण सगळे कौतुकाने माना डोलावत तिच्यामागून चालतो.

म्हणून एक काम करा. तुमच्या इमारतीत, नात्यात, शेजारी एखादं मूल असेल, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, "फार शांत आहे हो, त्रासच नाही." आज त्याच्या घरी जा. त्याला दिसणार नाही असे मागे उभे राहा आणि हाक मारा. वळलं, तर पापा घ्या. नाही वळलं, तर त्याच्या आईला सांगा. ती तुम्हाला झटकून टाकेल, तरी सांगा. दुसऱ्यांदाही जा.