भुंगेरावाची शेवटची गाठ

वर्षाराणीला क्रोशाची सुई कोणत्या टोकानं धरायची तेसुद्धा ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लातूरपासून नांदेडपर्यंत तिच्या हातच्या कलाकुसरीचं जे कौतुक झालं, ते ऐकून कुणालाही वाटेल, पोरगी सुई घेऊनच जन्माला आली. सुई होती ती तिच्या भावजयीच्या, शिवकन्येच्या हातात. पाच महिने होती. सकाळची भांडी उरकली की सासू कावेरीबाई लोकरीची पिशवी तिच्यापुढं आणून आपटायची आणि म्हणायची, "हं, बस आता. रुखवत काय आपोआप होतंय व्हय?"

लग्नात मांडवाच्या एका अंगाला नवरीनं स्वतः केलेल्या वस्तू मांडायच्या, लोकांनी त्या वाकून वाकून बघायच्या, असा तो रुखवताचा थाट. हल्ली बाजारात तयार मिळतं. पण वर्षाराणीची होणारी सासू, नांदेडची नीलाबाई, स्वतः विणणारी बाई. दुकानातला माल तिनं चष्मा न लावता ओळखला असता. मग घरात फुकटची सून होतीच की! तोरण झालं, ताटावरची झाकणं झाली, पिंडीखालचं आसन झालं, नंदीची झूलही झाली. आणि ज्या नवरीचं हे सगळं, ती पलंगावर पडून मोबाईल बघे आणि मध्येच मान वर करून म्हणे, "वैनी, तो गुलाबी रंग लई भडक दिसून राहिला. उसवा तेवढं."

शिवकन्या उसवायची. तिनं बदल्यात एकच गोष्ट मागितली होती. रुखवताच्या टेबलावर एक पाटी असते, तिच्यावर नवरीचं नाव असतं. त्या पाटीच्या खाली, अगदी बारीक अक्षरात का होईना, पण आपलं नाव यावं.

"काय म्हणलीस?" कावेरीबाईंनी पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं.

"नुसतं नाव, आत्याबाई. सहाय्य, सौ. शिवकन्या. एवढंच."

"नवरीचं रुखवत हाय का तुझं परदर्शन? नीलाबाई काय म्हणतील? पोरीला काही येत न्हाई, भावजयीकडून करून घेतलं!"

"करूनच घेतलंय की."

"जबान बघा हिची!" कावेरीबाई ओरडल्या. पलंगावरून वर्षाराणी खुदकन हसली. "वैनी, तुमाला तिथं वळखतंय तरी कोण?"

ते शिवकन्येला जिव्हारी लागलं. का लागणार नाही? बारा वर्षांपूर्वी चाकूरहून ती या घरात आली, तेव्हा स्वतःचं रुखवत स्वतःच्या हातानं करून आली होती. त्यातलं निम्मं कावेरीबाईंनी जागा नाही म्हणून नातेवाइकांत वाटून टाकलं. टीव्हीवरचा मोठा गोल रुमाल तेवढा राहिला, आणि पाहुणे आले की कावेरीबाई बिनधास्त सांगायच्या, "मीच विणलाय, पोरपणी." शिवकन्या चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी असायची. एकदाही त्या बाईची जीभ अडखळली नाही. नवरा रविकिरण म्हणायचा, जाऊ दे, रुमालच तर आहे.

लग्नाला पंधरा दिवस राहिले आणि नांदेडहून फोन आला. नीलाबाईंची नात होती, दामिनी, मोठ्या मुलाची पोर, पाच वर्षांची. तिला मोबाईलवरच्या एका कार्टूनचं वेड. भुंगेराव त्याचं नाव. निळं गोल पोट, डोक्यावर दोन पिवळी शिंगं, पायात लाल गमबूट. तो दिसल्याशिवाय पोरीच्या घशाखाली घास उतरत नसे. "वर्षा," नीलाबाई म्हणाल्या, "तुझ्या हातात एवढी कला हाय. रुखवतात एक भुंगेराव ठेव माझ्या दामिनीसाठी. काकूनं केला म्हणून मिरवंल गावभर."

"हाव आई, चार दिवसात करते," वर्षाराणीनं ठोकून दिलं. फोन ठेवला आणि निळ्या लोकरीचा गुंडा शिवकन्येच्या मांडीत टाकला.

बाहुला विणणं म्हणजे रुमाल विणणं नव्हे. सहा टाक्यांच्या चिमुकल्या फासापासून सुरुवात करायची, मग बारा, मग अठरा, असं गोल गोल वाढवत जायचं. कुठून फेरा सुरू झाला ते कळावं म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा. टाका सैल पडला तर आतला कापूस बाहेर डोकावतो. शिवकन्येचा हात असा घट्ट की टाक्यात टाचणी शिरली नसती. तीन दिवसांत डोकं झालं, शिंगं झाली, गमबूट झाले. चेहरा तर असा उठला की ती स्वतःच एकटी हसली. खरंच, असं काही आपल्या हातून झालंय यावर तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं, हा तरी कुणी बघावा आणि विचारावं, कुणी केला गं?

चौथ्या दिवशी दुपारी वर्षाराणी मोबाईल घेऊन आली. मागं कावेरीबाई, हातात हिरव्या बांगड्यांचा डबा.

"वैनी, हात पुढं करा. रील काढायचीय."

"कशाची रील?"

"नवरी भुंगेराव विणून राहिली, अशी. नांदेडच्या आईंनी मागितलीय. तुमचे नुसते हात दिसतील, मग मी कॅमेरा माझ्या तोंडावर फिरवीन."

शिवकन्येला आधी कळेचना. कळलं तेव्हा कावेरीबाईंनी तिचा हात धरून बांगड्या चढवायला सुरुवातही केली होती. त्या वर्षाराणीच्या मापाच्या. शिवकन्येचा हात बारा वर्षं कणिक मळणारा, भांडी घासणारा. तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली आणि कडकन गेली. काच रुतली, रक्त आलं.

"वाढली एक," कावेरीबाई म्हणाल्या, जणू हात नव्हताच तिथं. "पुसून घे ते, लोकरीला लागंल. आता विण."

ती विणत राहिली. दुसऱ्याच्या बांगड्या घालून, आपल्याच हातांचं चित्र दुसऱ्याच्या नावानं निघताना बघत, ती खाली मान घालून विणत राहिली. वर्षाराणीनं शेवटी मोबाईल स्वतःच्या गालापाशी नेला आणि लाडानं म्हणाली, "माझ्या दामिनीसाठी!" शिवकन्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात इतका राग तिला कधी आला नव्हता, नवऱ्याचा नाही, सासूचाही नाही.

संध्याकाळी भुंगेरावाचं बूड बंद करायचं होतं. शेवटचा फास उरतो, त्यातून दोरा ओढून घ्यायचा, घट्ट गाठ मारायची आणि उरलेलं शेपूट पोटात दडवायचं. ही गाठ राहिली तर बाकीच्या हजार टाक्यांना काही अर्थ नाही. एक टोक ओढलं की सगळं भराभर उसवत जातं. शिवकन्येनं दोरा कापला. फास तसाच मोकळा ठेवला. शेपूट अलगद पोटात सारलं. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं.

पोर खेळेल, शेपूट बोटाला लागेल, ओढेल. सगळ्या सासरासमोर भुंगेराव उसवेल आणि सगळे म्हणतील, वर्षा, कर की नीट. मग बघू म्हणावं, सुई कशी धरतेस ती. लेकरू रडेल हा विचार तिला आला नाही असं नाही. आला. तिनं तो बाजूला सारला.

लग्न लातूरलाच झालं, दणक्यात झालं. रुखवतापुढं बायकांची रीघ. पाटीवर सोनेरी अक्षरात, सर्व कलाकुसर, चि. सौ. कां. वर्षाराणी. नीलाबाईंनी एकेक रुमाल उलटा करून मागची बाजू तपासली. विणणारी बाई असंच बघते. "टाका बघा कसा बसवलाय पोरीनं!" त्या चारचौघींत म्हणाल्या. शिवकन्या तेव्हा पाहुण्यांना अक्षता वाटत होती. दामिनी भुंगेराव छातीशी धरून नांदेडला गेली.

पाचव्या दिवशी वर्षाराणीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून रविकिरण निघाला, सोबत शिवकन्या. अहमदपूर, लोहा करत दुपारी नांदेडला पोचले. दारातच नीलाबाई म्हणाल्या, "या. पण आमच्या घरी आज सुतक पडलंय बरं का!" आणि हसल्या. आतून दामिनी आली. हातात पितळी परात, परातीत निळ्या लोकरीचा गुंता, कापसाचे पुंजके आणि वर पिवळ्या शिंगांचं नुसतं डोकं. पोरीचे डोळे रडून सुजले होते.

"सकाळी उसवला बघा," नीलाबाई म्हणाल्या. "वर्षाला म्हणलं, पाहुण्यांची जेवणं झाली की बस घेऊन."

शिवकन्येचं काळीज आनंदानं उड्या मारायला लागलं. खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिनं दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. वर्षाराणी मात्र ताटातली पोळी नुसती चिवडत होती. शिवकन्या तिच्याकडं बघून बघून जेवली.

जेवणं झाली. बैठकीत सगळे जमले. काचेच्या कपाटात रुखवत मांडलेलं, एकेक नग दिसेल असं. नीलाबाईंनी स्वतःची सुई आणि परात वर्षाराणीपुढं ठेवली. "घे गं. मलाबी बघायचंय तुझा हात कसा चालतो."

वर्षाराणीनं सुई उचलली. वर्षाराणीनं सुई परत खाली ठेवली.

"आई, एक सांगू का? सांगायचं नव्हतं, वैनीचं नाव खराब होईल म्हणून." आवाज असा मऊ, की लोणी फासलंय. "समदा भुंगेराव मी विणला. पण हातावर मेंदी काढली होती, म्हणून शेवटची गाठ तेवढी वैनीला मारा म्हणलं. ती त्यांनी मारलीच न्हाई."

सगळ्यांच्या माना शिवकन्येकडं वळल्या.

"खोटं हाय!" शिवकन्या उठूनच उभी राहिली. "समदं मी केलंय. भुंगेराव मी केला, ते कपाटातलं एकूण एक मी केलंय! हिला साधा साखळीचा टाकासुद्धा घालता येत न्हाई, विचारा तिला!"

"शिवा, गप बस," रविकिरण दबक्या आवाजात म्हणाला.

नीलाबाईंनी चष्मा वर सरकवला. मोबाईल काढला, रील लावली. "मग हे हात कुणाचे? ह्या हिरव्या बांगड्या कुणाच्या?"

"हात माझे हायत. बांगड्या हिच्या."

कुणीतरी फिसकन हसलं. नीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी परातीतलं मोकळं टोक उचलून शिवकन्येसमोर धरलं. "बरं. समदं तू केलंस, मानलं. मग ही गाठ का न्हाई मारलीस?"

शिवकन्येनं त्या टोकाकडं बघितलं. विसरले म्हणावं, तर असं विसरणारी बाई असं रुखवत करत नाही. मुद्दाम मोकळी ठेवली म्हणावं, तर समोर ते पोर परातीला धरून उभं. सात-आठ जण तिच्या उत्तराची वाट बघत होते. वर्षाराणी पदर नीट करत होती.

"बोल की."

"राहिली," शिवकन्या कशीबशी म्हणाली.

"राहिली!" नीलाबाईंनी टोक खाली टाकलं. "इतकं सुबक काम करणारी बाई शेवटची गाठ मारायची ठेवंल व्हय? चाळीस वर्षं विणून राहिले मी. नणंदेचं कौतुक झालं म्हणून एवढं पोटात दुखू नये माणसाच्या."

शिवकन्या खाली बसली. तिचा हात आपसूक परातीकडं गेला. गुंता सोडवावा, दहा मिनिटांत पोट उभं करावं, मग बघा म्हणावं कुणाचा हात आहे तो! पण बोट लोकरीला लागायच्या आत दामिनीनं परात मागं ओढली.

"आजी, हिला देऊ नको. ही परत मोडंल."

"न्हाई देत, माझे बाई," नीलाबाई म्हणाल्या आणि स्वतःच सुई घेऊन बसल्या. वर्षाराणीला म्हणाल्या, "राहू दे, तू माहेरी चाललीस, मी करते." त्यांचा हात सैल. टाक्याटाक्यातून कापूस डोकावत होता. शिवकन्येला ते बघवेना आणि नजरही हलवता येईना. नांदेडच्या त्या बैठकीत दीड तास ती हात मांडीत घेऊन बसली, आणि तिच्या घट्ट विणलेल्या डोक्याला खाली दुसऱ्याचं ढिलं पोट लागताना बघत राहिली.

शेवटचा फास आला तेव्हा नीलाबाईंनी तिला हाक मारली. "इकडं बघ. दोरा असा घ्यायचा, असा ओढायचा. ही अशी मारतात गाठ. एक न्हाई, तीन मारायच्या. ध्यानात राहील ना?"

"राहील," शिवकन्या म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या बायका नव्या नवरीला भेटायला आल्या. नीलाबाईंनी कपाट उघडून सगळं रुखवत दाखवलं, हे वर्षानं केलं, तेही वर्षानं केलं. मग दामिनीच्या काखेतल्या भुंगेरावाकडं बोट केलं. "हाबी वर्षाचाच. फक्त शेवटची गाठ हिच्या भावजयीची होती, ही बसलीय ती, शिवकन्या."

बायकांनी वळून शिवकन्येकडं नीट बघून घेतलं. पाच महिन्यांच्या अख्ख्या रुखवतात तेवढी एक गाठ तिच्या नावावर लागली, आणि ती तिनं मारलेली नव्हती.